भाजी वाळते ती वाऱ्याने

घरच्या डिहायड्रेटरमध्ये, म्हणजे वाळवणाच्या विजेच्या पेटीत, भाजी-फळं कशी वाळवायची ते बघू. बेदाण्याच्या शेडचं तासगाव, कवठेमहांकाळ आपल्याला लांब नाही, म्हणून सुरुवात बेदाण्यापासून करू. शेड जवळून बघा. जाळीचे मजले एकावर एक, वर छप्पर, बाजूंनी शेडनेट. सगळा आटापिटा द्राक्षावर थेट ऊन पडू नये म्हणून. पडलं तर हिरवा माल तपकिरी होतो. द्राक्ष वाळतं ते आरपार जाणाऱ्या कोरड्या वाऱ्यावर. त्याआधी घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात, कारण सालीवरचा मेणाचा थर मोडल्याशिवाय आतलं पाणी सहज बाहेर पडत नाही. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. मध्येच आभाळ आलं, हवा दमट झाली, की शेडवाल्याची झोप उडते.

घरच्या डिहायड्रेटरमध्ये हेच शेड पेटीत बसवलेलं आहे: हिटर, पंखा, तापमान ठरल्या अंशावर राखणारा थर्मोस्टॅट आणि जाळीचे ट्रे. दुकानात लोक विचारतात, तापमान किती जातं? विचारायला हवं ते पंख्याबद्दल. पंखा मागच्या बाजूला असेल तर सगळ्या ट्रेवरून वारा सारखा जातो. तळाला असेल तर खालचा ट्रे आधी वाळतो, वरचा मागे राहतो. मग दर दोन तासांनी ट्रे खालीवर करायचे. स्वस्तात मिळतंय म्हणून तळपंख्याचं घ्यायला हरकत नाही, फक्त ही उठाठेव धरून चाला. थर्मोस्टॅट नसलेलं मात्र घेऊ नका. ओव्हनवर भागेल का, तर तो ६० अंशांवर स्थिर राहत असेल आणि आत पंखा असेल तरच. नाहीतर भाजी वाळत नाही, भाजते.

आता सगळ्यात जास्त फसगत कुठे होते ते. लवकर व्हावं म्हणून ५५ च्या जागी ७५ अंश लावले जातात. कापाचा वरचा थर झटपट कडक होतो आणि आतलं पाणी आतच कोंडतं. हाताला काप कुडकुडीत लागतो, बरणीत जातो, आणि आठ-पंधरा दिवसांत झाकणाखाली बुरशी दिसते. म्हणजे बेदाणेवाला साल मोकळी करतो आणि आपण उष्णता वाढवून नवी साल तयार करतो.

पहिला प्रयोग गाजराचा करा, कारण गाजर सगळ्या पायऱ्या शिकवतं. सोलून, देठ काढून १ किलो गाजर घ्या. ३ ते ४ मिलिमीटरच्या चकत्या करा, शक्यतो किसणीच्या पात्यावर, कारण सुरीने जाड-बारीक होतात आणि जाड चकती पूर्ण बरणी नासवते. उकळत्या पाण्यात ३ मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग सुती कापडावर निथळत. हे उकळणं टाळू नका. भाजीतली एन्झाइम्स मोडली नाहीत तर दोन-तीन महिन्यांत रंग उतरतो आणि वाळक्या गवतासारखा वास येतो. ट्रेवर चकत्या एकमेकींना न चिकटता, एकच थर. दाटी केली की वारा अडतो. ५५ अंश, साधारण ८ ते १० तास.

झालं कधी? घड्याळावर जाऊ नका, वजनकाट्यावर जा. गाजरात सुमारे ८८ टक्के पाणी, म्हणजे किलोमागे १२० ग्रॅम कोरडा ऐवज. वजन १२५ ते १३० ग्रॅमवर आलं की काम झालं. १६० भरलं तर चकती कितीही कडक वाटो, परत आत. आणि तपासताना चकती आधी गार होऊ द्या. गरम असताना सगळंच मऊ लागतं.

बाकीचं भराभर सांगते. मेथीची पानं ४० ते ४५ अंशांवर, तीन-चार तास, उकळायची नाहीत. उन्हात टाकली तर पिवळी पडतात. कांदा ३ मिलिमीटर, ५५ ते ६० अंश, आणि घराबाहेर ओसरीत, कारण वास दोन दिवस जात नाही. टोमॅटो ६ मिलिमीटर, कापलेली बाजू वर. किलोला जेमतेम ६०-७० ग्रॅम हातात येतात, म्हणून भाव पडला असेल तेव्हाच करा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी अर्धी करून ५७ अंशांवर. ती कडक होत नाही, चामड्यासारखी लवचिक राहते. दाबल्यावर ओल दिसली नाही की पुरे. केळं, सफरचंद काळं पडू नये म्हणून दहा मिनिटं लिंबाच्या पाण्यात.

सांडगी मिरची, खारवलेली गवार वर्षभर टिकते, मग एवढी काटेकोरी कशाला, असं कुणी म्हणेल. तिथे निम्मं राखण मीठ करतं. साध्या गाजरात मीठ नाही, राखायला कोरडेपणा एकटाच आहे.

फळं गार झाल्यावर काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा, झाकण लावा, आठवडाभर रोज हलवा. एखादा काप ओला असेल तर ओल बाकीच्यांत वाटली जाते. काचेवर आतून घाम दिसला तर माल लगेच पुन्हा ट्रेवर. बुरशी दिसली तर पूर्ण बरणी फेका; वरचं काढून खालचं वापरायचं नाही.

पावसाळ्यात चालेल का? मशीन चालतं, वेळ जास्त लागतो. पण बाहेर काढलेला माल तासाभरात सादळतो. गार झाला की लगेच बंद करा. आणि एप्रिल-मेमध्ये बरणी पत्र्याखालच्या माळ्यावर नको, खालच्या अंधाऱ्या फडताळात ठेवा.

आता वीज किती जाते ते. ४०० वॉटचं मशीन ९ तास सलग चाललं तर ३.६ युनिट. हिटर मधूनमधून बंद होतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. अर्धाच ट्रे भरून चालवलं तरी वीज जवळजवळ तेवढीच जाते. तेव्हा गाजर कमी असेल तर सोबत घेवडा लावा, तोही ५५ अंशांवरच वाळतो. मेथी त्यात घालू नका.