नशीब वाईट, की पॅक करायला उशीर?

नमस्कार मंडळी. आज व्हिडिओ गेम्सबद्दल बोलायचंय, पण गोळ्या झाडायचे किंवा गाड्या पळवायचे नाही, तर ते गेम जिथे मूठभर माणसं आपल्या गळ्यात पडतात आणि त्यांचं खाणं, औषधपाणी, टेन्शन, भांडणं सगळं बघत त्यांना कसंबसं जगवायचं असतं. असे गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा, एक तक्रार हमखास ऐकू येणार, की अहो यात आपल्या हातात काहीच नसतं, सगळं फाशांवर चालतं. मला ही तक्रार अर्धीच पटते.

डार्केस्ट डंजन घ्या, व्हँकुव्हरच्या रेड हुक कंपनीचा, २०१६ साली पूर्ण स्वरूपात आला. चार योद्धे घेऊन भुयारात उतरायचं. एखाद्याची ताकद शून्यावर आली तरी तो लगेच मरत नाही, मरणाच्या दारात उभा राहतो, आणि तिथून पुढच्या प्रत्येक फटक्याला तो वाचण्याची शक्यता साधारण ६७ टक्के. म्हणजे तीनातला एक फटका जीव घेणार. आणि मेला की मेला, मागचं सेव्ह उघडून परत आणायची सोय नाही. आता तो फटका बसला, आपला जुना, इतके तास पोसलेला योद्धा गेला, की माणूस माउस आपटतो आणि नशिबाला शिव्या घालतो. पण थांबा ना जरा, तो मरणाच्या दारात पोचलाच कसा? निघताना मशाली कमी घेतल्या होत्या, कारण पिशवीत खण सोळाच, आणि त्याच खणांत सामानही ठेवायचं आणि लुटीचं सोनंही. मशाल विझत आली की शत्रूचे फटके जास्त जोरात बसतात, योद्ध्यांचा ताण वाढतो, पण लूटही जास्त मिळते, आणि गेम हे लपवत वगैरे नाही. म्हणजे अंधारात जायचं की नाही हे आपणच ठरवलेलं असतं, सोन्याकडे बघून, फासा फक्त शेवटी पडला.

आता आपल्याकडची रमी बघा. पानं कुठली येणार ते वाटणाऱ्यालाही माहीत नसतं, तरी सुप्रीम कोर्टाने १९६८ साली आंध्र प्रदेशातल्या एका केसमध्ये सांगितलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात आणि कुठलं धरायचं, कुठलं टाकायचं हे डोक्याने ठरवावं लागतं. बरोबरच आहे, पण रमीत मुरलेला माणूस आणखी एक गोष्ट सांगेल, ती म्हणजे पॅक, म्हणजे डाव तिथेच सोडून देणं. तेरा पानं आली, जोकर नाही, सिक्वेन्सचा पत्ता नाही, तर तो पहिल्याच फेरीत पान न उचलता पॅक करतो. १०१ च्या खेळात (पॉइंट म्हणजे दंड, १०१ झाले की बाहेर) २० पॉइंट लागतात, लागू देत, ८० तर नाही ना लागत. वाईट पानं येणं त्याच्या हातात नव्हतं, पण त्यांची किंमत किती मोजायची ते होतं.

डार्केस्ट डंजनमधला पॅक म्हणजे मोहीम अर्धवट सोडून परत येणं. योद्ध्यांचा ताण वाढतो, मोहीम फेल लागते, पण तोवर गोळा केलेली लूट राहते आणि माणसं जिवंत घरी येतात. लढाई चालू असताना पळायला गेलात तर ते फसूही शकतं, म्हणून निर्णय आधी घ्यावा लागतो. आणि बहुतेकजण इथेच घेत नाहीत, दोनच खोल्या राहिल्यात, जाऊ की, म्हणून पुढे जातात. माझं म्हणणं एवढंच की ज्या गेममध्ये असा महागडा पण खरा पॅक आहे, तिथे नशिबाने हरवलं असं म्हणायचा हक्क फार क्वचित मिळतो.

आता दुसरी बाजू. एफटीएल नावाचा २०१२ चा अवकाशयानाचा गेम आहे, त्यात एका ठिकाणी राक्षसी कोळ्यांनी तळावर हल्ला केलेला असतो, मदतीला माणूस पाठवायचा का? पाठवला तर बक्षीस मिळेल किंवा तो माणूस कायमचा जाईल, आणि शक्यता किती हे गेम सांगत नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्यावर हा सरळ अन्याय आहे, याला निवड म्हणायला मी तयार नाही. पण एक डाव तास-दोन तासांत संपतो, पुढच्या वेळी आपल्याला कोळी माहीत असतात, यानात योग्य ड्रोन असेल तर निळ्या अक्षरात वेगळा पर्यायही येतो, म्हणून खपून जातं. हाच प्रकार पन्नास-साठ तासांच्या गेममध्ये केला असता तर लोकांनी गेम फेकून दिला असता.

रिमवर्ल्ड या वस्ती वसवून सांभाळायच्या गेममध्ये तर गंमतच आहे. तिथे लोक ओरडतात की एवढी मोठी दरोडेखोरांची टोळी अचानक आली कुठून, नशीबच फुटकं. अहो, टोळी केवढी येणार हे ठरवताना गेम तुमच्या वस्तीची संपत्तीही मोजतो! सोन्याच्या मूर्ती घडवून दिवाणखान्यात मांडल्यात, आता भोगा. विषारी धूळ पडून शेतं मरणं हे मात्र नशीब, ते कधी येणार कळत नाही, पण कोठारात धान्य किती होतं हे कुणी ठरवलं?

फक्त एका गेमला मी हा हिशोब लावत नाही. वॉर्साच्या कंपनीचा धिस वॉर ऑफ माइन, २०१४ चा, बोस्नियातल्या सारायेव्हो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला. पडक्या घरात अडकलेली साधी माणसं, आणि युद्ध किती दिवस चालणार ते खेळणाऱ्याला सांगत नाहीत. लाकूड आज जाळायचं की थंडीसाठी ठेवायचं, कशाच्या आधारावर ठरवणार? इथे पॅक नाहीच. पण सारायेव्होत १९९२ ते १९९६, जवळजवळ चार वर्षं अडकलेल्या लोकांकडे तरी कुठे होता, म्हणून इथला अन्याय मला खोटा वाटत नाही. पोलंड सरकारने २०२० मध्ये हा गेम शाळांच्या वाचनयादीत घ्यायचं जाहीर केलं, ते उगाच नाही.

कुणी नव्याने सुरू करणार असाल तर रिमवर्ल्डपासून करा, आणि संकटं कधी कुठली पाठवायची हे ठरवणारा जो कथाकार गेममध्ये निवडायचा असतो, तो रँडी घेऊ नका, तो मनाला येईल ते तुमच्या अंगावर सोडतो, कॅसांड्रा घ्या, ती संकटं हळूहळू चढवत नेते. आणि हो, सेव्ह परत उघडायची सोय असते तिथे, ती बंद ठेवूनच खेळा, नाहीतर कोठारात धान्य ठेवायची गरजच काय उरली! चला, नमस्कार.