आधी क्लचमधली हवा काढा, पुशरॉडला हात नंतर लावा

नमस्कार मंडळी. सकाळचे साडेसहा वाजलेत. मे महिन्यात दहानंतर सोलापुरात उघड्यावर उभ्या गाडीच्या बोनेटला हात लावता येत नाही, म्हणून इतक्या लवकर काम काढलंय.

ही माझी होंडा सिविक. इंजिनचं ट्यूनिंग केलंय, त्यासाठी क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेटही कडक बसवलीय. आठ दिवस झाले, रिव्हर्स टाकताना करकर वाजतंय. पेडल जमिनीवरून जेमतेम उचललं की गाडी ओढ घेते. पण तेच पेडल भराभर दोन-तीन वेळा मारलं की गिअर अलगद पडतो. ही खूण लक्षात ठेवा. पंप केल्यावर सुधारतंय म्हणजे बहुतेक वेळा लाइनमध्ये हवा शिरलेली असते.

पेडल दाबलं की पुशरॉड मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलतो, ऑइल पाइपातून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरला जातं आणि तो क्लच सोडवणारा फोर्क ढकलतो. ऑइल दबत नाही, हवा दबते. तुमच्या पायाची अर्धी मेहनत तो बुडबुडा खातो. प्लेट जितकी कडक, तितका लाइनमधला दाब जास्त, म्हणून साध्या गाडीत खपून जाणारी थोडीशी हवाही अशा गाडीत लगेच जाणवते.

आता माझी चूक सांगतो, कारण हा व्हिडिओ त्यासाठीच केलाय. मागे असंच पेडल खाली गेलं होतं. मी हवा काढली नाही. डॅशबोर्डखाली घुसून पुशरॉड फिरवला आणि पेडल वर आणलं. गावात झकास चालली. मग भर दुपारी पुण्याकडे निघालो. मोहोळच्या पुढे ॲक्सिलरेटर दाबला तर आरपीएम वर आणि गाडी तिथंच! क्लच प्लेट जळल्याचा वास. रस्त्याकडेच्या एका वयस्कर मिस्त्रींनी काही न बोलता स्लेव्हचा निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, अर्धा फेरा सैल केला. ऑइलची चिळकांडी उडाली, त्यांनी निपल बंद केला आणि म्हणाले, “चालवून बघा.” क्लच धरला होता!

मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं. पेडल सोडल्यावर ते उघडं राहायला हवं, म्हणजे गरम होऊन फुगलेलं ऑइल क्लचच्या ऑइलच्या टाकीत परत जातं. मी पुशरॉड इतका ताणला होता की पिस्टन पूर्ण मागे येतच नव्हता. छिद्र बंद. उन्हाने आणि इंजिनने तापलेलं ऑइल फुगलं, त्याला वाट मिळाली नाही, आणि मी पाय न ठेवताही क्लच अर्धवट दाबलेला राहिला.

(कॅमेरा बोनेटखाली)

मडगार्डवर जुनी सोलापुरी चादर टाकलीय. क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं आणि ते रंग खातं, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. ऑइल डॉट ४ दर्जाचं, सीलबंद बाटलीतलं. उघडी राहिलेली बाटली नको, हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. ताज्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शिरल्यावर तो १५५पर्यंत उतरू शकतो. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही.

टाकी भरा. निपलला आधी रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. पेडलवर माझा पुतण्या बसलाय. मी “दाब” म्हटलं की त्याने सावकाश दाबून धरायचं. मी निपल उघडतो, बुडबुडे येतात, निपल बंद करतो, मग “सोड”. निपल उघडा असताना पेडल सुटलं तर हवा परत आत! आणि दर पाच-सहा वेळांनी टाकी बघा. ती रिकामी झाली की सगळं काम पहिल्यापासून.

(नळी जवळून)

हे काळं ऑइल बघा. रबराच्या सीलची झीज आणि जुनेपणा. स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही.

कधी कधी पाइपाच्या उंच वळणात बुडबुडा अडकतो आणि पन्नास वेळा पेडल मारलं तरी निघत नाही. हवेला वर जायचं असतं, आपण तिला खाली ओढतो. अशा वेळी टाकीतलं थोडं ऑइल काढून घ्या आणि मोठ्या सिरिंजने खालून, निपलमधून, ताजं ऑइल हळूहळू वर ढकला. मला तरी ही पद्धत जास्त आवडते.

काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत असतो, तिथे जोरजोरात पंप करू नका. तो फुटला तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

आता पुशरॉड. लॉकनट सैल करा, रॉड फिरवा, आणि पेडल बोटाने दाबून बघा. पिस्टनला टेकण्याआधी थोडी मोकळी चाल लागलीच पाहिजे. किती मिलिमीटर, ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलंच घ्या. लॉकनट घट्ट करून पुन्हा तपासा. नट कसताना रॉड फिरतो, हे माझ्याकडून दोनदा झालंय.

हवा निघाली, चाल बरोबर आहे आणि तरीही पहिल्या गिअरमध्ये पेडल दाबून धरल्यावर गाडी हळूहळू सरकू लागली, तर मास्टरचं आतलं सील गेलंय. पायाखालचं मॅटिंग उचलून ओल बघा, स्लेव्हचं रबरी बूटही सोलून बघा. गळती असेल तर ब्लीडिंग, म्हणजे हे हवा काढणं, चार दिवसही टिकणार नाही.

चल रे, चावी दे. विजापूर रोडला एक चक्कर मारू, गाडी चांगली तापू दे, मग रिव्हर्स टाकून बघू.