विंगेतून ऐकलेलं नाटक

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात आमचं अख्खं कुटुंब नुकतंच मागच्या दाराने आत गेलं. आमचे मामा रंगभूषाकार. त्यांनी रीतसर परवानगी काढली होती आणि एकच अट घातली होती, विंगेत कुणी तोंड उघडायचं नाही. आमच्या घराला ही मोठीच शिक्षा!

या वास्तूची पायाभरणी 1962 साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाली. उद्घाटन झालं 26 जून 1968 रोजी, त्यांच्या जन्मदिवशी. पण ते बघायला नारायणराव, म्हणजे खुद्द बालगंधर्व, नव्हते. आदल्याच वर्षी ते गेले. गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली त्यांची तैलचित्रं इथे आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. प्रेक्षक म्हणून आलात तर ती निवांत बघा. आम्हाला त्या दिवशी तेवढी सवड नव्हती, कारण मागे धावपळ सुरू झाली होती.

दुपारचा प्रयोग संपून पडदा पडला होता आणि संध्याकाळच्या नाटकाचा टेम्पो दारात उभा. आधीच्या नाटकात होता जुना वाडा, आमच्या नाटकात कोथरूडमधला ब्लॉक. पुण्यात वाडा पाडून फ्लॅट उभा राहायला वर्षं जातात, इथे ते तासाभरात उरकतं. नेपथ्याच्या त्या भिंतींनाही फ्लॅटच म्हणतात, हे ऐकून आमचे वडील मनापासून हसले. समोरून गुळगुळीत रंगवलेला दिवाणखाना. मागून बघावं तर लाकडी चौकट, ताणून ठोकलेलं कापड आणि त्यावर खडूने लिहिलेलं ‘डावी 3’. दोघं जण एक भिंत उचलून आणत, तिसरा मागून टेकू लावून त्यावर वजन ठेवी. कुणी कुणाला सूचना देत नव्हतं.

रंगपटात मामा एका तरुण नटाच्या कानशिलावर पांढरा हात फिरवत होते आणि तो म्हातारा होता होता मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता. मग नटराजाची पूजा, नारळ, उदबत्ती. तिसरी घंटा झाली आणि सगळे एकदम गप्प. आमच्या आत्यासुद्धा.

आता गंमत ऐका. विंगेतून नाटक धड दिसत नाही. नटाची पाठ, सोफ्याचा कोपरा, बस. प्रेक्षक तर अंधारातच. तिथला सगळा कारभार चालतो कानावर, तुमच्या-माझ्या या रेडिओसारखा. आमच्याशेजारी दारावरची बेल वाजवणारा एक मुलगा स्टुलावर बसला होता, डोळे मिटून. मला वाटलं, झोपला. पण नटीचं एक वाक्य संपायला आणि त्याचं बोट बटणावर पडायला एकच गाठ. पुढे एका विनोदाला हशा आला तसा तो कुजबुजला, “आज बाल्कनी थंड आहे.” न बघता! हसण्याचा आवाज कुठल्या बाजूने कमी येतो, एवढ्यावरून त्याने ओळखलं होतं. बोलायची बंदी आम्हाला होती, त्याला नव्हती.

मध्यंतरात आम्ही बटाटेवडे आणले, त्याला पण दिला. त्याने अर्धाच खाल्ला. दुसऱ्या अंकात काचेचा ग्लास फुटल्याचा आवाज त्यालाच काढायचा होता, म्हणून हात कोरडे हवेत म्हणाला.

प्रयोग संपला, टाळ्या झाल्या, आणि आम्ही बाहेर पडतो तोच मागच्या दारात रात्रीच्या नाटकाचा टेम्पो लागला होता. आमच्या नाटकाचा माणूस त्या ड्रायव्हरला सांगत होता, “दादा, गाडी जरा मागे घ्या, आमचा ब्लॉक निघायचाय अजून.”