तिच्या हातातला कागद

नमस्कार मंडळी. रेडिओ जरा मोठा करा, आणि गॅसवर दूध ठेवलं असेल तर आधी ते बघून या, कारण आजची गोष्ट मला मध्ये तोडवत नाही.

विषय आहे युरोपातली गरिबी. हसू नका. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या आकड्यांप्रमाणे ९ कोटींहून जास्त माणसं गरिबीच्या किंवा समाजाबाहेर फेकलं जाण्याच्या काठावर आहेत, म्हणजे पाचात एक. परत सांगतो, पाचात एक. सगळे उपाशी आहेत असं नाही, पण घरभाडं भरलं की हीटर बंद आणि हीटर लावला की दाताचा डॉक्टर पुढच्या वर्षी, असा हिशोब.

तर गोष्ट. पॅरिस, १९५४, १ फेब्रुवारी. थंडी किती, तर पारा उणे दहाच्याही खाली. महायुद्ध संपून नऊ वर्षं होत आलेली, तरी शहरात घरंच नाहीत, माणसं तळघरात, मोडक्या बसमध्ये, पुलाखाली राहतायत. जानेवारीत अशाच एका जुन्या बसमध्ये एक तान्हं बाळ गारठून गेलं होतं, आणि त्याच सुमाराला तिकडे पार्लमेंटमध्ये तातडीच्या घरांसाठीचे पैसे नामंजूर झाले होते. आणि आता पहाटे तीनला सेबास्तोपोल नावाच्या मोठ्या रस्त्यावर, फुटपाथवर, एक बाई गारठून मेली. तिच्या हातात एक कागद घट्ट धरलेला होता. कसला कागद? घराबाहेर काढल्याची नोटीस. दोनच दिवस आधी तिला खोलीतून काढलं होतं. हा कागद लक्षात ठेवा मंडळी, मी परत येणार आहे त्याच्याकडे.

ही बातमी पोचली एका पाद्र्याकडे, आबे पिएर त्याचं नाव, म्हणजे खरं नाव वेगळं होतं, हे युद्धात जर्मनांपासून लपून काम करताना घेतलेलं. हा माणूस आधी खासदार होता, मग बेघर लोकांना घेऊन रद्दी-भंगार गोळा करायचा आणि ते विकून घरं बांधायचा. पैसे संपले तेव्हा १९५२ मध्ये हा गडी चक्क रेडिओवरच्या प्रश्नमंजुषेत जाऊन बसला आणि अडीच लाख फ्रँक जिंकून आला! जुने फ्रँक हं, फार मोठी रक्कम नव्हे, पण पाद्री क्विझमध्ये, विचार करा. मला आमच्या धंद्याचा अभिमान वाटतो तो अशा वेळी.

तर त्या दिवशी तो कागदावर चार ओळी खरडून थेट ल्युक्झेंबर्ग रेडिओच्या स्टुडिओत घुसला आणि माइकवर म्हणाला, मित्रांनो, धावा, आज पहाटे तीन वाजता एक बाई गारठून मेली. बस, अशीच सुरुवात. ना संगीत, ना प्रस्तावना. (आजकालची आमची पोरं माइकवर श्वाससुद्धा घेत नाहीत, एका मिनिटात तीनशे शब्द, आणि ऐकणाऱ्याच्या हाताला काय लागतं तर शून्य. असो.) आणि मग त्याने यादी वाचली, किराणा दुकानात वाचावी तशी. ५००० ब्लँकेटं. ३०० मोठे तंबू. २०० शेगड्या. कुठे आणून द्यायचं, तर रोचेस्टर हॉटेल, ला बोएती रस्ता, नंबर ९२. आणि म्हणाला की आज रात्रीच प्रत्येक वस्तीत एक जागा उघडा, बाहेर दिवा लावा, पाटी लावा की कोणीही असा, आत या, जेवा, झोपा.

आणि मंडळी, पॅरिस उठलं! हॉटेलपुढे गाड्यांची रांग, कोणी अंगावरचा कोट काढून देतंय, कोणी बोचकी आणून टाकतंय, लहान पोरं खाऊचे पैसे घेऊन आली, हॉटेलची लॉबी भरली, मग सामान ठेवायला ओर्सेचं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन उघडावं लागलं. चार्ली चॅप्लिनने २० लाख फ्रँक दिले आणि म्हणाला की हे मी देत नाहीये, परत करतोय, मी जो भटक्या होतो आणि ज्याचं सोंग केलं त्याचेच आहेत हे. एकूण ५० कोटी जुने फ्रँक जमले. आणि ज्या सरकारला महिन्याभरापूर्वी पैसे सापडत नव्हते त्याला काही दिवसांत १००० कोटी फ्रँक सापडले.

इथे एक पदरचं बोलतो. आपल्याकडे पुराच्या वेळी मी मदतीच्या गाडीवर उभा राहिलोय, फाटक्या साड्या, एका पायाची चप्पल, तुटक्या बटणांचे शर्ट. लोकहो, कपाट साफ करायला पुराची वाट बघू नका. झालं, पुढे.

अजून एक सांगायलाच हवं, नाहीतर गोष्ट अर्धवट. २०२४ मध्ये याच आबे पिएरवर अनेक स्त्रियांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. तो २००७ मध्येच वारला होता, पण त्याच्याच संस्थेने चौकशी करून घेऊन ते बाहेर आणलं, आणि त्याच्या नावाच्या फाउंडेशनने पुढे नावच बदललं. त्या रात्रीचं माझं कौतुक रेडिओचं आहे आणि ब्लँकेटं घेऊन धावलेल्या लोकांचं आहे.

बरं, ब्लँकेटं आली. पुढे काय? पुढे दोन वर्षांनी बघा. पॅरिसजवळ न्वाझी-ल-ग्रां इथे अडीचशे कुटुंबं अर्ध्या पिंपासारख्या झोपड्यांत चिखलात राहत होती, त्या झोपड्या त्याच १९५४ च्या पैशातून तात्पुरत्या म्हणून उभ्या केलेल्या. तात्पुरत्या म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. १९५६ मध्ये तिथे जोझेफ व्रेसिन्स्की नावाचा दुसरा पाद्री आला, हा स्वतःच दारिद्र्यात वाढलेला, आणि त्याने काय करावं, फुकटचं सूप वाटणं बंद केलं! लोक भडकले. पण त्याने वाचनालय काढलं, बालवाडी काढली, बायकांसाठी केस करायची जागा काढली. भीक घेताना मान खाली घालावी लागते, हे त्याने लहानपणी सोसलं होतं.

याच माणसाचा १९८७ चा रिपोर्ट फ्रान्सच्या आर्थिक-सामाजिक परिषदेने मंजूर केला, आणि त्यातली एक गोष्ट मी दोनदा सांगतो. नोकरी, घर, तब्येत, शिक्षण, यातला एक आधार सुटला तर ती असुरक्षितता. एकामागून एक सगळे सुटले, सुटलेलेच राहिले आणि माणसाला आपला हक्कही मागता येईना, तर ती भीषण गरिबी. एक आधार सुटला, असुरक्षितता. सगळे सुटले, भीषण गरिबी. १९८८ च्या फेब्रुवारीत तो गेला आणि त्याच डिसेंबरात फ्रान्सने किमान उत्पन्नाचा कायदा केला. आज त्याचं नाव आर-एस-ए, एकट्या माणसाला महिन्याला साधारण साडेसहाशे युरो.

आता कागद. हे पैसे मिळायला हवेत अशा साधारण दर तीन घरांपैकी एक घर अर्जच करत नाही. का? फॉर्म लांबलचक, ऑनलाइन पासवर्ड, पत्ता लागतो, आणि लाज. फुटपाथवर झोपणाऱ्याने पत्ता कुठला द्यायचा? म्हणून तिथे पालिकेच्या मदत केंद्राचा पत्ता स्वतःचा म्हणून लावता येतो, टपाल तिथेच येतं. माझं ठाम मत आहे की फॉर्म बनवणाऱ्या साहेबाला तोच फॉर्म चष्म्याशिवाय भरायला लावावा.

आणि घराबाहेर काढण्याचं काय? १९५६ मध्ये फ्रान्समध्ये कायदा झाला की हिवाळ्यात भाडेकरूला बाहेर काढायचं नाही. आता ती मुदत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च, काही अपवाद सोडले तर. १ एप्रिलपासून बेलिफ परत दारात.

फिनलंडने मात्र उलटं केलं. २००८ पासून त्यांचा हिशोब असा की बेघर माणसाला आधी दारू सोड, मग नोकरी शोध, मग घर देतो, असं म्हणायचं नाही, आधी घर द्यायचं, त्याच्या नावाच्या भाडेकराराने, बाकीचं नंतर. हेलसिंकीत अल्पिकातू रस्त्यावर एक जुना रात्रनिवारा होता, सुमारे अडीचशे खाटा, सकाळी उठून बाहेर पडायचं. तो फोडून तिथे ऐंशीएक घरं केली. म्हणजे कागद तिथेही आहे, पण त्यावर लिहिलंय की हा इथे राहतो. भाडं तो माणूसच भरतो बरं का, सरकारी भत्त्यातून का होईना.

घड्याळ पुढे गेलं, बातम्यांची वेळ झाली. ते ओर्सेचं स्टेशन सांगितलं ना, तिथे आता जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालय आहे, आपल्या पुण्या-मुंबईच्या टूर तिथे जातात आणि त्या मोठ्या घड्याळापाशी सगळे फोटो काढतात. पुढच्या वेळी कोणी जाणार असेल तर त्यांना सांगा, ५४ साली याच छताखाली ब्लँकेटांचे ढीग पडले होते. नमस्कार.