संध्याकाळी घरी न जाणारा भार

श्रोतेहो, नमस्कार.

सरकारी इमारतींचे स्तंभ, तुळया, छत आणि पाया किती मापाचे असावेत आणि त्यांत किती सळई घालावी, हे ठरवण्याच्या कामात माझी तीस वर्षांहून अधिक सेवा गेली. संरचना अभियंता म्हटले की उभी राहणारी नवी इमारत डोळ्यांपुढे येते, आणि सेवेच्या पहिल्या काही वर्षांत माझेही तसेच होते. पुढे ज्येष्ठता वाढली, तसतशी नव्या इमारतींपेक्षा उभ्या असलेल्या इमारतींची काळजी अधिक वाटू लागली. आज मी त्या काळजीतील एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे. ती म्हणजे आपल्या कचेऱ्यांतील कागदाचे वजन.

ए-फोर आकाराच्या पाचशे कोऱ्या कागदांचे रिम आपण कधीतरी हातात घेतले असेल. त्याचे वजन साधारण अडीच किलो आणि जाडी पाच सेंटिमीटर असते. अशी चाळीस रिमे एकावर एक रचली, तर दोन मीटर उंचीचा आणि शंभर किलोंचा थर होईल. जमिनीवर त्याला जागा लागेल केवळ एका कागदाएवढी. हाच हिशेब एका चौरस मीटरला लावला, तर भार होतो सुमारे १,६०० किलो. दोऱ्याने बांधलेल्या जुन्या फायलींमध्ये पोकळी बरीच असते, म्हणून आपण निम्मेच धरू. तरीही ८०० किलो उरतात.

आता ज्या जमिनीवर हा भार ठेवला जातो, तिच्याकडे पाहू. इमारतीवर कोणता भार धरावा हे सांगणारी आय. एस. ८७५ ही भारतीय मानकांची संहिता आहे. कार्यालयाच्या खोलीसाठी ती दर चौरस मीटरला २५० ते ४०० किलोंच्या आसपास भार धरायला सांगते आणि अभिलेख ठेवण्याच्या खोलीसाठी किमान ५०० किलो. संकल्पन करणारा अभियंता आराखड्यावर ‘कार्यालय’ असे लिहिलेले वाचतो आणि २५० किलो धरतो. त्यात त्याची काहीही चूक नसते. पंधरा वर्षांनी त्या खोलीचे अभिलेख कक्षात रूपांतर होते, तेव्हा मात्र त्याला कोणी विचारत नाही.

मी पाहिलेल्या बहुतेक जुन्या दगडी कचेऱ्यांमध्ये दफ्तर तळमजल्यावरच असे. जमीन थेट भरावावर टेकलेली असल्यामुळे कितीही गठ्ठे रचले, तरी खाली वाकायला काही नव्हतेच. काँक्रीटच्या दुमजली, तिमजली इमारती आल्या, लोकांचा राबता असलेल्या खिडक्या साहजिकच तळमजल्यावर राहिल्या आणि कागद जिना चढून वर गेला. नदीकाठच्या गावांत तर पुराच्या इशाऱ्यानंतर एका रात्रीत सगळे दफ्तर वर हलवावे लागते. ते योग्यच असते, कारण भिजलेला जुना हस्तलिखित सातबारा पुन्हा लिहिता येत नाही. अडचण पुढे येते. पूर ओसरतो, पण गठ्ठे खाली उतरत नाहीत.

अशाच एका तालुक्याच्या कचेरीत मला बोलावणे आले होते. पत्रात ‘भेगांची पाहणी’ एवढेच लिहिले होते. मी पहिल्या मजल्यावर पोहोचलो, तेव्हा दफ्तर सांभाळणारे वयस्कर शिपाई दाराला खांदा लावून ते उघडत होते. मी म्हणालो, “मामा, लाकूड फुगले असेल.” ते म्हणाले, “साहेब, पावसाळ्यात हे दार दरवर्षी अडतंच. पण औंदा उन्हाळ्यातबी अडलं.”

श्रोतेहो, संरचना अभियंत्याला याहून नेमकी माहिती कोणी देऊ शकत नाही. लाकूड ओलाव्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. दार भर उन्हाळ्यात अडते, याचा अर्थ दार मोठे झालेले नसून चौकट वाकडी झाली आहे. चौकट ज्या अर्ध्या विटेच्या भिंतीत बसवली होती, ती भिंत तळमजल्याच्या छतावर उभी होती आणि ते छत खाली बसत होते. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग वर गेली होती. तिच्या टोकाशी कोणीतरी पेन्सिलीने बारीक रेघ मारून तारीख लिहिली होती. भेग ती रेघ ओलांडून चार बोटे पुढे गेलेली होती. तारीख मामांनीच घातली होती.

आम्ही खाली उतरलो आणि तळमजल्यावरून सहा मीटर लांबीच्या तुळईखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. काँक्रीटच्या बांधकामाच्या संहितेप्रमाणे अशी तुळई कालांतराने धरून लांबीच्या अडीचशेव्या हिश्श्याएवढी, म्हणजे २४ मिलिमीटर वाकली तर चालते. मध्यावर पट्टी धरली, तेव्हा ४१ मिलिमीटर भरले. वर जाऊन गठ्ठे मोजले. मूळच्या मांडण्या भरल्यावर दोन मांडण्यांमधल्या वाटाही छातीपर्यंत भरल्या होत्या. त्या गठ्ठ्यांतच आम्हाला इमारतीचे मूळ रेखाचित्र सापडले आणि खोलीवर अक्षरे होती, ‘कार्यालय, २५० किलो’.

एरवी कार्यालयात माणसे असतात, टेबले असतात, कधी सभेला गर्दीही होते, पण माणसे संध्याकाळी घरी जातात. कागद जात नाही. तो रात्रंदिवस, वर्षानुवर्षे त्याच जागी बसून राहतो, आणि सतत भाराखाली काँक्रीट हळूहळू वाकत जाते. आम्ही अभियंते याला क्रीप म्हणतो. भार पहिल्या दिवशी टाकल्यावर जेवढे छत वाकते, त्याच्या दुपटीहून अधिक ते पुढील काही वर्षांत वाकू शकते. त्यामुळे ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हे वाक्य मला कधीच दिलासा देत नाही.

रिकामे करण्यातही घाई चालत नाही. आधी तुळईखाली लोखंडी टेकू लावले. ते केवळ टेकलेले राहतील, वर रेटणार नाहीत, याकडे मी स्वतः लक्ष दिले. तुळईच्या मध्यावर मुख्य सळई खालच्या बाजूला असते, त्यामुळे खालून जोर दिला तर वरच्या बाजूने तडा जातो. मग मधले गठ्ठे आधी आणि दोन्ही बाजूंनी सारखे, असे उतरवले. पाच दिवस लागले. छत १२ मिलिमीटर वर आले, बाकीचे वाकलेलेच राहिले आणि ते तसेच राहणार.

गठ्ठे लावताना मामांनी अ, ब, क, ड असे ढीग वेगळे केले. अ वर्गाचे कागद कायम जपायचे, ब वर्गाचे तीस वर्षे, क वर्गाचे दहा, आणि ड वर्गाचे एक वर्ष. ड वर्गाचा ढीग पाहून मी थांबलो. नष्ट करण्याच्या यादीवर सही करायला कोणीही धजावत नाही, कारण उद्या चौकशी लागली आणि नेमका तोच कागद मागितला तर काय, ही भीती खरी आहे. मी त्या भीतीला हसत नाही. पण त्या न केलेल्या सहीचे वजन छत पेलत असते, हे मी प्रत्येक कार्यालयप्रमुखाला सांगत आलो आहे.

भूकंपाच्या दृष्टीने तर हा विषय आणखी गंभीर आहे, कारण भूकंपाचे बल इमारतीच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि वरच्या मजल्यावरील वजन अधिक घातक ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडी भिंती आणि जड माळवदे कोसळली, तो प्रदेश तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. भूकंपानंतर ज्यांच्यावर लोक विसंबून राहतात अशा इमारती, म्हणजे रुग्णालये, शाळा, अग्निशमन केंद्रे, इतकेच काय रेडिओ केंद्रेही, भूकंपविषयक संहितेने दीडपट बलासाठी बांधायला सांगितल्या आहेत. वर नोंद न झालेले कागद टनावारी रचत गेले, तर ती दीडपट त्यातच खर्च होत जाते. शिवाय कागद हे इंधन आहे. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेली आग आपल्या स्मरणात असेलच.

त्या कचेरीतून निघण्यापूर्वी मी भिंतीवर भारमर्यादेची पाटी लावायला सांगितले. मामांनी विचारले, “साहेब, चौरस मीटरला अडीचशे किलो म्हणजे माझ्या गठ्ठ्यांत किती?” मी हिशेब केला. वाटा न ठेवता सलग रचले तर साठ सेंटिमीटर, वाटा मोकळ्या ठेवून मांडणीत लावले तर साधारण सव्वा मीटर. त्यांनी लाल रंगाचा डबा आणला, चारही भिंतींवर सव्वा मीटर उंचीवर रेघ ओढली आणि मांडणीच्या त्या रेघेवरच्या फळ्या त्याच दिवशी काढून ठेवल्या. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेलो, तेव्हा फळ्या जिन्याखाली होत्या आणि भेगेशी घातलेल्या नव्या तारखेची रेघ भेगेने ओलांडलेली नव्हती.