नऊच्या नऊ टॉर्पेडो फुसके

नमस्कार मंडळी. तारीख 24 जुलै 1943. पॅसिफिक महासागरात, ट्रुक बेटांच्या पश्चिमेला ‘टिनोसा’ ही अमेरिकन पाणबुडी दबा धरून आहे. समोर 19 हजार टनांचं ‘तोनान मारू 3’. मूळचं देवमाशांच्या शिकारीवरचं जपानी जहाज, युद्धात तेल वाहायला जुंपलेलं.

कॅप्टन डॅन डॅस्पिट लांबूनच, गैरसोयीच्या कोनातून सहा टॉर्पेडो (पाणतीर) सोडतो. काही फुटतात, जहाज जागीच थांबतं. आता घाई कसली? तो 800 मीटरपर्यंत जवळ येतो, जहाजाच्या कुशीला अगदी काटकोनात. प्रशिक्षणात शिकवलेलं, अगदी तस्संच. मग एकेक करून नऊ टॉर्पेडो. पेरिस्कोपला डोळा लावून तो स्वतः बघतोय. टॉर्पेडो जाऊन धडकतो आणि पुढे काहीच नाही. नऊच्या नऊ फुसके! जहाजावरून तोफा धडाडतायत. शेवटचा एक टॉर्पेडो मात्र त्याने राखून ठेवला, पर्ल हार्बरला तपासायला न्यायला.

मला यात सगळ्यात जास्त काय लागतं सांगू? हे नवीन नव्हतं. पाणबुडीवाले दीड वर्ष हेच सांगत होते आणि टॉर्पेडो बनवणारं खातं म्हणत होतं, तुमचाच नेम चुकतोय. 1942 मध्ये अमेरिकन पाणबुडी दलाचे अॅडमिरल लॉकवूड यांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर चक्क मासेमारीचं जाळं लावलं, त्यावर टॉर्पेडो सोडले आणि भोकं कुठे पडली ते मोजलं. ठरवलेल्या खोलीपेक्षा जवळपास 11 फूट खाली! म्हणजे टॉर्पेडो जहाजाच्या पोटाखालून निघून जात होता.

ते दुरुस्त झालं, तरी आत आणखी एक दोष लपलेला होता. डॅस्पिटच्या तक्रारीनंतर हवाईतल्या काहोओलावे बेटाच्या कड्यावर टॉर्पेडो मारून बघितले. मग टॉर्पेडोची नुसती पुढची डोकी 90 फुटांवरून पोलादी पत्र्यावर टाकली, तर 10 पैकी 7 निकामी. आतली फायरिंग पिन सरळ धडकेच्या दणक्याने अडकायची, स्फोटकाच्या टोपीला हवा तसा ठोसाच बसायचा नाही. तिरका मारला तर मात्र फुटायचा. म्हणजे बघा, जो कप्तान नीट, पुस्तकाप्रमाणे नेम धरेल, त्याचाच टॉर्पेडो हमखास दगा देणार!

हलकी पिन बसवली आणि 1943 च्या शरद ऋतूत चित्र पालटलं. पाणबुड्यांवर नौदलातली दोन टक्क्यांहून कमी माणसं, पण जपानची बुडालेली निम्म्याहून जास्त व्यापारी जहाजं त्यांच्या खाती आहेत. 52 पाणबुड्या गमावल्या, साडेतीन हजार माणसं गेली. त्यातले कितीतरी जण हेच हत्यार घेऊन उतरले होते, जे धडकूनही फुटेल याची खात्री नव्हती.