तिथी बघून कोकण : चार खाड्या ओलांडत जयगड ते मांडवा

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. अमावास्येच्या काळ्या गोलावर बोट थांबतं.)

कोकणात सुट्टीला जायचं ठरलं की आपण काय काय बघतो? जोडून आलेला शनिवार-रविवार, राहायचे दर, महामार्गावरचे खड्डे. तिथी मात्र कोणी बघत नाही. अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येईल का, हरिहरेश्वरची प्रदक्षिणा पुरी होईल का, हेदवीच्या बामणघळीत पाणी उसळेल की नुसती ओली भेग दिसेल, हे सगळं तिथीवर असतं. म्हणून या सुट्टीचा बेत आपण कॅलेंडरवरच्या बारीक अक्षरांवरून आखणार आहोत.

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. म्हणजे पहाटे तीनला भरती आणि दुपारी तीनला पुन्हा भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे नऊला. अष्टमीला आठ पाऊण सहा, तेव्हा ओहोटी भर दुपारी बाराला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते, म्हणून हे गणित जुळतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. रत्नागिरीकडे भरती मुंबईपेक्षा थोडी लवकर येते.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवायची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि तितकंच लांब ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी.

(दृश्य : पहाटेचं रत्नागिरी स्टेशन. पाठीवर सॅक घेतलेली माणसं उतरतात.)

आता बेत. बहुतेक जण मुंबईहून अलिबाग, मुरुड असं खाली उतरत जातात. आमचं सांगणं आहे, उलट या. रात्रीच्या कोकणकन्येने पहाटे रत्नागिरीला उतरा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वर मुंबईकडे सरका. दिवस निवडा अमावास्येचा. त्यातही फाल्गुन अमावास्या सगळ्यात चांगली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा, हापूसची पहिली पेटी बाजारात आलेली, आणि वेळासला कासवांचा हंगाम अजून चालू. फाल्गुन पौर्णिमेला शिमगा असतो. त्या वेळी पालख्या नाचताना बघाव्यातच, पण गाड्या चाकरमान्यांनी भरलेल्या असतात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळीच तिकीट काढा.

रत्नागिरीहून जयगड. तिथे शास्त्री नदीची खाडी आडवी येते आणि पलीकडे दिसतं तवसाळ. इथून पुढे आपली सोबत फेरीबोटीची. काही गावांत तिला जंगलजेट्टी म्हणतात. दुचाकी, चारचाकी, माणसं, टोपल्या, सगळं एकाच सपाट पत्र्यावर चढतं आणि थोड्या वेळात पलीकडे उतरतं. जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेसवी-बागमांडला, दिघी-आगरदांडा. या चार फेऱ्या माहीत असल्या की महामार्गाला जावंच लागत नाही. धोपाव्याहून समोर दिसणाऱ्या दाभोळला रस्त्याने जायचं तर चिपळूणचा भला मोठा वळसा पडतो.

तवसाळहून हेदवी. अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा, त्यामुळे अकराच्या आत तिथे पोचा.

(दृश्य : काळ्या कातळातली अरुंद भेग. काही क्षण फक्त पाण्याचा आवाज.)

ही बामणघळ. गावाखालच्या कातळात समुद्राने कोरलेली चिंचोळी फट. लाट आत शिरते, पुढे जागा अरुंद होत जाते आणि कोंडलेलं पाणी एकदम उभं उसळतं. ओहोटीच्या वेळी इथे आलेली माणसं दोन मिनिटांत परत फिरतात आणि इथे काही नाही म्हणून सांगतात. आज, उधाणाच्या भरतीला, बराच वेळ कोणी जागचं हलत नाही. कडेचा खडक मात्र शेवाळाने निसरडा असतो. ओला दिसतो तेवढ्या खडकावर पाय ठेवायचा नाही, फोटोसाठी तर नाहीच.

मुक्काम वेळणेश्वर किंवा गुहागरला. इथे एक व्यवहाराची गोष्ट. ‘घरगुती जेवणाची सोय’ अशी पाटी दिसली की थेट जेवायच्या वेळी जाऊन बसू नका. सकाळीच फोन करून किती पानं ते सांगा. माणसं मोजूनच तांदूळ धुतला जातो. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा. आयत्या वेळी पोचलात तर दोष यजमानांचा नाही.

पाडव्याच्या दिवशी धोपावे-दाभोळ करून हर्णैला या. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो. होड्या लांब नांगरतात आणि बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी किनाऱ्यावर आणतात. बाजूला उभं राहून बघा, वाटेत येऊ नका. ती त्यांच्या कमाईची वेळ आहे.

(दृश्य : वेळासचा किनारा. जाळीच्या कुंपणात वाळूचे छोटे उंचवटे, प्रत्येकावर पालथी टोपली.)

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये इथे संवर्धनाचं काम सुरू केलं आणि पुढे गाव त्यात उतरलं. मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. ती अंडी उचलून कुंपणातल्या खड्ड्यांत ठेवतात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून बघतात. कधी खाली नुसती वाळू असते, तर कधी ती वाळूच हलू लागते. तळहातावर मावेल एवढं काळं पिल्लू पुढचे पाय वल्ह्यासारखे मारत पाण्याकडे निघतं. त्याला उचलून पाण्यात सोडायचं नाही. वाळूवरचा तेवढा प्रवास त्याने स्वतःच करायचा असतो.

इथे एका रात्रीसाठी येणं आम्हाला पटत नाही. पिल्लं तुमच्या वेळापत्रकाने बाहेर येत नाहीत. दोन रात्री राहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मिळून तीन-चार संधी मिळतात. राहायचं गावातल्या घरांमध्येच. त्या पैशामुळे कासवं राखणं गावालाही परवडतं. निघण्याआधी घरटी शिल्लक आहेत का, एवढं विचारून घ्या.

चतुर्थीला सकाळी वेसवीहून पहिल्या फेऱ्यांपैकी एखादी पकडून बागमांडला, तिथून लगेच हरिहरेश्वर. ओहोटी नऊला. देवळामागून पायऱ्या उतरलं की खडकांवरून प्रदक्षिणेची वाट जाते. लाटांनी खडक मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार करून टाकला आहे. ही वाट ओहोटीचीच आहे. भरतीत इथे माणसं ओढली गेली आहेत, जीव गेले आहेत. पाणी वाढू लागलं आणि पुजारी किंवा दुकानदार ‘आता नको’ म्हणाले, तर तिथेच थांबायचं. देवाला देवळातून हात जोडले तरी चालतं.

पुढे श्रीवर्धन, दिवेआगर, दिघी, आगरदांडा. मुरुडला मुक्काम. पंचमीला लवकर निघून अलिबाग. पाच पाऊण पावणेचार, म्हणून ओहोटी पावणेदहाची. कुलाबा किल्ल्यात चालत जायला दुसऱ्या-तिसऱ्या तिथीची सकाळ याहून चांगली, कारण पंचमीला पाणी भांगाकडे झुकलेलं असतं आणि घोटाभर लागू शकतं. किनाऱ्यावर विचारा, जा, आणि परतायची वेळ ठरवूनच आत शिरा.

गाडी नसेल तरी हा प्रवास होतो. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार किंवा सात दिवसांचा मिळतो. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत. लहान गावांत संध्याकाळी येणारी मुक्कामी गाडी पहाटे तिथूनच सुटते. तिची वेळ चालक-वाहकांना रात्रीच विचारून ठेवा. जेट्टीपर्यंतच्या तुटक टप्प्यांना रिक्षा. रोख पैसे जवळ हवेतच, खाडीच्या काठांवर मोबाईलचं नेटवर्क ये-जा करतं. फेरीबोटीची शेवटची फेरी कितीला आहे, ते त्याच दिवशी फोन करून विचारा. पावसाळ्यात हा बेत करू नका.

(दृश्य : मांडवा जेट्टी. बोटीचा दरवाजा खाली येतो, गाड्या रांगेने आत जातात.)

आणि परतीला महामार्ग नाहीच. २०२० पासून अलिबागजवळच्या मांडव्याहून भाऊच्या धक्क्यापर्यंत रो-रो बोट सुरू आहे. गाडीसकट तासाभरात मुंबई. गाडी नसेल तर गेटवेच्या लाँचही आहेत. रविवारी संध्याकाळी ही बोट खचाखच असते. जमलं तर एक दिवस रजा वाढवून सोमवारी सकाळची पकडा, आणि आरक्षण घरून निघण्याआधीच करून ठेवा.